सलामी दिलेली भिंत

माझे वडील मिस्तरी होते. त्यांना कुणी गवंडी म्हटलेलं खपत नसे. गवंडी विटा रचतो आणि मिस्तरी घर उभं करतो, हे ते समोरच्याला थांबवून सांगत, मग समोरचा कचेरीतला साहेब का असेना. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात आपण झालो, एवढं त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं होतं आणि तेवढ्या दाखल्यावर त्यांचं सगळं आयुष्य निभावलं.

औरंगाबादेत त्यांनी किती घरं बांधली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शहागंजला जायची, तेव्हा ते मधेच पाय टेकवून एखाद्या भिंतीकडे बोट करायचे. “हा आपला हात.” पुढच्या गल्लीत तोंड वाकडं करून, “हा कुनाचा हात हाय कुनास ठाऊक. मानूस लई घाईत व्हता.” हात म्हणजे कामाची ढब. पुढे मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा वहीवर नाव नसलं तरी अक्षरावरून मला लेकरू ओळखू यायचं, तसा त्यांना भिंतीवरून माणूस ओळखू यायचा. दुसऱ्याचं वाईट काम कुणी चुकून त्यांच्या नावावर घातलं तर ते चवताळायचे. एकदा एका वकिलाच्या घरचा ओटा खचला आणि वकिलीणबाई आमच्या दारात येऊन दादांचं नाव घ्यायला लागल्या. दादा जेवत होते. ताटावरून तसेच उठले, त्यांच्या घरी गेले आणि दगडांमधल्या फटींत चिपा कशा भरल्यात ते दाखवून ओटा आपला नाही हे बाईंच्या तोंडून कबूल करून घेतलं. मग परत येऊन थंड भाकरी खाल्ली.

एवढी घरं बांधणारा माणूस स्वतः मात्र औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. माझं लग्न झालं, मोडलं, आणि मीही त्याच दोन खोल्यांत परत आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी होती, त्यामुळे कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ आली नाही. आई तोवर गेली होती. दादा आणि मी, दोघंही तापट. सकाळी कडाकडा भांडायचो आणि संध्याकाळी एकाच ताटलीतून शेंगा खायचो.

दादांनी साठी ओलांडली त्यानंतर एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, “चाळीस वर्सं लोकाच्या दारात भिंती केल्या. आता एक आपल्या दारात करावी म्हन्तो. हात हाय तवर.” त्यांनी त्याआधी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, करू.

म्हणायला काय जातं! शहरात जागेचे भाव असे चढले होते की एजंटसुद्धा आकडा सांगायच्या आधी घसा खाकरायचा. दर रविवारी माझ्या स्कूटीवरून आम्ही हिंडायचो. फ्लॅट बघायला गेलो की दादा आधी भिंतीवर बोटानं टिचकी मारायचे. एकदा त्या टाय लावलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, “ही भिंत हाय का पडदा?” तो म्हणाला, काका, आता अशाच असतात. “मग शेजारी शिंकला की नाक आमी पुसायचं का?” दादा म्हणाले. मी हसू दाबत त्यांना बाहेर ओढून आणलं. खरं सांगायचं तर ते फ्लॅट मला परवडणारेच नव्हते. दादांनी नाक मुरडलं की मला सुटल्यासारखं व्हायचं.

मग आम्ही शहराबाहेर बघायला लागलो. हर्सूलचा तलाव मागे टाकून बरंच पुढे गेल्यावर, आत वळून, एक गाव. तिथंही स्वस्ताई नव्हतीच. शहरातल्या डॉक्टरांना आणि बिल्डरांना रविवारपुरती शेतघरं हवी होती, त्यामुळे बांधावरच्या बाभळीलाही भाव आला होता. पण गावाच्या टोकाला एक पडकं घर होतं. त्याच्याकडे डॉक्टर फिरकले नव्हते, कारण तिथपर्यंत मोटार जात नव्हती.

घर म्हणावं असं त्यात फार काही उरलं नव्हतं. दगड-मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट छत, ज्याला आमच्याकडे माळवद म्हणतात. कित्येक वर्षं बंद. पुढची भिंत अर्धी रस्त्यावर सांडलेली, आत कुणाच्या तरी शेळ्या बसलेल्या, मधल्या खोलीत एरंड उगवलेला. मला ते बघून रडूच आलं. दादा मात्र आत शिरले ते अर्धा तास बाहेर येईनात. आले तेव्हा टोपीवर जळमटं होती आणि चेहरा असा की जणू कुणी त्यांना मानाचा फेटा बांधलाय.

“तुळया सागाच्या हायेत,” ते म्हणाले. “तीन भिंती जागच्या हालल्या नायत. ही म्होरली तेवढी मला दे.”

घराची मालकीण शहागंजला राहायची. तिचं ओढण्यांचं दुकान होतं आणि घर तिच्या वारलेल्या नवऱ्याचं. आपण घर पाडणार नाही, होतं तसं उभं करणार, हे ऐकून बाई पाघळेल असं दादांना वाटत होतं. बाईनं आम्हाला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याच्या आठवणीनं डोळे पुसले आणि भाव एका रुपयानंही खाली आणला नाही. “मिस्तरी, मोहब्बत अपनी जगा, सौदा अपनी जगा,” ती म्हणाली. जिना उतरताना दादा हसत होते. “बाई पक्की हाय,” म्हणाले.

मोडलेल्या लग्नातलं सोनं मी मोडलं. ते एकदाचं कुठंतरी कामाला आलं. बाकीचं शिक्षकांच्या सोसायटीतून कर्ज काढलं. घर आमचं झालं.

काम उन्हाळ्याच्या सुट्टीत काढलं. सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही दोघं जायचो. माळवदाला खालून लाकडी टेकू दिले. वरची भुसभुशीत झालेली माती उतरवली, नवी पांढरी माती आणून टाकली, पाणी शिंपडून चोपून घेतली. या सगळ्याला माणसं लावली होती. पुढच्या भिंतीला मात्र दादांनी कुणाला हात लावू दिला नाही. पडलेले दगड तेच, माती गावचीच, आणि दगड हातात द्यायला गावातली एक कामकरी बाई. दगडाचं तोंड सापडेपर्यंत दादा तो लावायचे नाहीत. उचलायचे, फिरवायचे, परत ठेवायचे. ती बाई कंटाळून म्हणायची, “मिस्तरी, दगूड हाय, नवरी नाय.” दादा म्हणायचे, “नवरी बदलून मिळती का? दगूडबी मिळत नाय.” दिवसाला हातभर काम व्हायचं. गावातली माणसं बघायला येऊन बसायची. कुणी विहिरीच्या कठड्याचं विचारायचा, कुणी नव्या घराच्या जोत्याचं. दादा हातातलं काम न थांबवता सांगायचे आणि लोक ऐकायचे. शहरात चाळीस वर्षांत त्यांना एवढा मान मिळाला नसेल, तेवढा त्या गावानं दोन महिन्यांत दिला.

पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. बुबुळं दुधाळ झालेली. दगड ते डोळ्यांपेक्षा तळव्यानंच जास्त बघायचे. शिवाय विसरायला लागले होते. एकदा संध्याकाळी बसमध्ये मला म्हणाले, “तुझ्या आईला सांग, उद्या डब्यात लोनचं नको.” आई जाऊन सहा वर्षं झाली होती. दुसऱ्या क्षणी त्यांच्याही लक्षात आलं आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या गल्लीतल्या एका बाईंच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं आणि शेवटी ते स्वतःच्या लेकाला ओळखत नव्हते. त्या दिवसापासून मला धास्ती बसली. दादा काही वेगळं बोलले की मी त्यांच्याकडे टक लावून बघायची.

भिंत पुरी झाली त्याच आठवड्यात शाळेतल्या एका बाईंचा जावई घर बघायला आला. इंजिनिअर होता, चांगला होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दादा तेव्हा फाट्यावर चहाला गेले होते. जावयानं दादांच्याच पिशवीतला ओळंबा काढला आणि बाहेरच्या बाजूनं दोरा सोडला. खाली दोरा भिंतीला टेकला होता आणि वर भिंत दोऱ्यापासून चार बोटं आत गेली होती.

“ताई, भिंत आत कललीय,” तो हळू आवाजात म्हणाला. “डोळ्यांचा दोष असणार. वरचं वजन आलं की एखाद्या दिवशी तुमच्या अंगावर येईल.”

त्याच्यासमोर माझा चेहरा उतरला. आपल्या माणसाचं म्हातारपण दुसऱ्यानं दाखवून दिलं की कसं होतं, ते ज्याचं त्याला माहीत.

संध्याकाळी दादा पिंपातल्या पाण्यानं हात धूत होते, तेव्हा मी विचारलं, “दादा, भिंत आत कललीय का हो?”

“कललीय व्हय!” ते हसले. “सलामी दिलीय.”

“कुणाला सलामी?”

ते आणखी मोठ्यानं हसले. मी मस्करी करतेय असं त्यांना वाटलं. “घराला,” म्हणाले, “आनि कुनाला? कलेक्टरला?”

मला त्या हसण्यानं धडकीच भरली. भिंत सलामी देते म्हणणारा माणूस आणि मेलेल्या बायकोला निरोप देणारा माणूस, मला दोन्ही एकच वाटले. तेव्हा आणखी एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं! वर्गात चाळीस लेकरांना मी रोज सांगायची, समजलं नाही तर विचारा. मी विचारलं नाही. मला सगळं समजलं होतं.

जूनमध्ये सरकारी दवाखान्यात दादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आधी एक, मग दुसरा. धुळीत जायचं नाही, महिना-दीड महिना घरीच थांबायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. त्या काळात मी त्या इंजिनिअरच्या ओळखीचा ठेकेदार धरला आणि भिंत उतरवायला सांगितली. दादांना कळू द्यायचं नाही, हे मी ठरवून केलं. माझी चूक झाली असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलंय, पण चूक न कळता होते. लपवलं ते मी जाणूनबुजून.

भिंत उतरेना. तिघं माणसं दोन दिवस झटत होती. पहारीनं दगड निखळायचा, पण शेजारचा जागचा हलायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्यातला एक जण कपाळ पुसत माझ्याकडे आला. “म्याडम, हिला झालंय काय? कामून पाडायलाव?”

“सांगितलं तेवढं करा,” मी म्हटलं. शाळेतला आवाज होता तो. तो माणूस गुमान परत गेला.

मग विटांची आणि सिमेंटची सरळ भिंत उभी राहिली. गावात कुणी विचारलं तर मी सांगायची, दादांनीच आखून दिलंय, त्यांच्याच सांगण्यावरून चाललंय. इंजिनिअरनं ओळंबा सोडून दाखवला, दोरा खालपासून वरपर्यंत टेकला. गिलावा झाला, वर फिकट पिवळा रंग मारला. मला अभिमानही वाटला, हे आता लिहिताना लाज वाटते. दादांना सांगायचं की भिंतीला गिलावा करून घेतला, एवढंच. आत काय आहे ते कुणाला दिसतंय, असा माझा विचार. मिस्तरीच्या पोटी जन्मून मी असा विचार केला.

दादांना मी घेऊन गेले त्या दिवशी ऊन-सावलीचा खेळ चालला होता. त्यांच्या डोळ्यांना काळा चष्मा होता, पण कित्येक वर्षांनी त्यांना स्वच्छ दिसत होतं. बसच्या खिडकीतून ते एकसारखे दाखवत होते. दुकानांच्या पाट्या वाचत होते. तलावाशी आल्यावर लहान मुलासारखे ओरडले, “पान्यावर बगळे हायेत की गं! मला वाटलं व्हतं, गेले कुठंतरी.” सगळी बस हसली. मीही हसले.

घरासमोर आल्यावर ते थांबले. डॉक्टरांनी बजावलं होतं तरी चष्मा काढला. मग जवळ जाऊन तळवा भिंतीवर ठेवला आणि तसाच ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. कोपऱ्याशी उभं राहून एक डोळा मिटून वर बघितलं.

“गिलावा करून घेतला, दादा,” मी म्हटलं. वाक्य मी बसमध्येच पाठ केलं होतं.

त्यांनी तळवा झटकला. मग म्हणाले, “व्हय. चांगला केलाय.” चष्मा परत लावला. “वाईच चहा टाक.”

ते ओरडले असते तर मी वाचले असते. मीही ओरडले असते, भांडी आपटली असती, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं बोलून झालं असतं. आमचं सगळं तसंच मिटायचं. पण त्यांनी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि आतल्या खोलीत जाऊन जुन्या भिंतीला टेकून बसले. त्या घरात पुढे शेवटपर्यंत त्यांची बसायची जागा तीच राहिली.

दिवाळीनंतर आम्ही तिथं राहायला गेलो. मी बदली मागून घेतली आणि गावच्याच शाळेत लागले. त्या सुमारास दादांनी आपली थापी, ओळंबा, गुण्या, सगळी हत्यारं दगड देणाऱ्या बाईच्या नवऱ्याला देऊन टाकली. मी कारण विचारलं तर म्हणाले, “दिसाया लागल्यापासून नको वाटतंय.” मी पुढे विचारलं नाही. मला भीती होती की ते सांगतील.

थंडीत त्यांचा जुना जोडीदार भेटायला आला. तीस वर्षं दोघांनी एका परातीतला माल वापरला होता. शहागंजमागे राहायचा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. चाचानं दारात उभं राहून भिंतीकडे बघितलं, मग दादांकडे बघितलं. दादांनी लगेच त्याचा दंड धरला आणि माळवद दाखवायला वर घेऊन गेले. दोघं दिवसभर गप्पा मारत बसले, पुढच्या भिंतीचं नाव कुणी काढलं नाही. संध्याकाळी चाचाला फाट्यापर्यंत सोडायला मी गेले. वाटेत विचारलं, “चाचा, सलामी म्हणजे काय हो?”

चाचा चालायचा थांबला. “मिस्तरी की बेटी हो के पूछती तू?”

मग त्यानंच रस्त्यावर काठीनं रेघ ओढून दाखवलं. दगडाची भिंत बुडाला रुंद ठेवतात आणि वर निमुळती करत नेतात. बाहेरून ती आत झुकलेली दिसते, आतून एकदम सरळ. माळवद पावसात भिजलं की जड होतं आणि भिंतीला बाहेर ढकलतं. म्हणून भिंत आधीच आत झुकवून ठेवायची, म्हणजे ती रेटा पेलते. “उसकू सलामी बोलते,” चाचा म्हणाला. रेघ पायानं पुसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “अंदर से ओळंबा पकडे थे क्या?”

“नाही,” मी म्हटलं.

“हौ,” तो म्हणाला. बस आली, तो चढला.

घरी आले तेव्हा दादा शेंगा फोडत बसले होते. आता सांगावं, पाय धरावेत, असं चालता चालता ठरवलं होतं. मी म्हटलं, “भाजी काय करू?” ते म्हणाले, “कर कायबी.” त्यांना वाटलं होतं की सलामी म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. मिस्तरीची लेक, तिला काय सांगायचं! त्यांच्या मते मी ठाऊक असून भिंत पाडली होती. हे मला त्या शेंगा फोडण्याच्या आवाजात कळलं आणि तरी मी कोथिंबीर निवडायला घेतली. मग रोज उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले.

दुसऱ्या वर्षी भादव्यात झड लागली. आठ दिवस ऊन नाही. माळवद पाणी पिऊन तट्ट झालं. नवी वीट आणि जुना दगड जिथं जुळवले होते, त्या कोपऱ्यात आधी केसाएवढी भेग पडली, मग बोट जाईल एवढी. दादांनी सकाळी उठून ती बघितली आणि मला म्हणाले, “धान्य आनि तुझी कागदं भाईर काढ.” त्यांच्या आवाजात घाई नव्हती. शेजारच्या ओसरीवर आम्ही सामान नेलं. शाळा भरायच्या सुमाराला भिंत बाहेरच्या बाजूनं फुगली आणि रस्त्यावर आडवी झाली. तिच्यामागोमाग पुढच्या खोलीचं माळवद खाली आलं. माणसाला इजा झाली नाही. कडेला लावलेली एका शेतकऱ्याची मोटारसायकल मात्र मलब्याखाली गेली.

गाव गोळा झालं. माझ्या वर्गातली लेकरं, त्यांचे आईबाप, सगळे पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन उभे. मोटारसायकलवाला संतापला होता आणि त्याचं बरोबर होतं. “कोनी केली व्हती ही भिंत? कोन ठेकेदार? एखादं लेकरू असतं म्हंजी? नाव सांगा त्याचं!”

नाव माझ्या तोंडात होतं. ठेकेदाराचं आणि त्याच्या पाठोपाठ माझं. मी त्या गावच्या शाळेतली बाई होते. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी भिंतीकडे तोंड करून उभं करायची. त्या सगळ्या लेकरांचे डोळे माझ्यावर होते आणि मी धान्याच्या पोत्याची सुतळी आवळत राहिले.

दादा ओसरीवरून पावसात उतरले.

“मी केली,” ते म्हणाले. “माझाच हात हाय. डोळे गेलते माझे तव्हा. दिसलं नाय.”

 कुणीतरी मागून म्हणालं, “जाऊ द्या. म्हातारं मानूस.” दोघंचौघं पुढे होऊन मलबा उपसायला लागले. दादाही वाकून विटा उचलायला लागले. त्या ठेकेदाराच्या विटा त्यांनी एकेक करून बाजूला रचल्या. मी ओसरीवर तांदळाच्या पोत्याजवळ उभी होते. मी एक शब्द बोलले नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली, माणसं पांगायला लागली, तरी मी बोलले नाही. त्यानंतर बोलायची वेळ आलीच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. ती रोज येत होती.

महिनाभरानं एकदा मी धीर केला. “दादा, त्या दिवशी तुम्ही...” एवढंच म्हटलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “तुला हितं शाळा हाय,” म्हणाले. त्यावर मी रडले. ते उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले, आणि ते पाणी मी प्यायले.

पुढच्या बाजूला आम्ही पत्रे ठोकले. दादा त्यानंतर चार वर्षं जगले. गावानं त्यांना वाईट वागवलं नाही. बसायला जागा द्यायचे, चहा पाजायचे. फक्त विहिरीचं, जोत्याचं कुणी विचारेना. पारावर कुणाच्या घराच्या कामाचं बोलणं निघालं की दादा बोलायला तोंड उघडायचे, आणि माणसं अदबीनं ऐकून घेऊन फाट्यावरच्या ठेकेदाराकडे जायची. पहिल्या वर्षी तरीही ते बोलायचे. मग त्यांनी पारावर जाणं सोडलं.

ते गेले तेव्हा सगळं गाव धावून आलं. त्या मोटारसायकलवाल्यानं तर लाकडांपासून सगळं बघितलं, मला काही बघू दिलं नाही. दहाव्याला माणसं दारापुढे बसली होती. तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. मला धीर द्यावा म्हणूनच बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं.

“बाई, मिस्तरी लई चांगलं मानूस. तेवढी एक भिंत चुकली त्यांची, नायतर नाव ठेवाया जागा नाय.”

बसलेल्या माणसांनी माना डोलावल्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, “व्हय.”